जेवण आणि खुराक

पैलवानांचं खरं वजन पहिल्यांदा कळलं ते रताळ्याच्या काट्यावर. घरात एक छोटा काटा होता, पण तो १३० किलोच्या पुढे काही दाखवायचाच नाही. हे चढले की आकडे लुकलुकायचे आणि काटा बंद पडायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुगीला पोती मोजायला वखारीतून मोठा काटा आणला होता, त्यावर पोरांनी चेष्टेत त्यांना उभं केलं. आकडा आला १४८. "तीन पोती भरली की ओ," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, पैलवानही हसले. मला हे त्यांच्या पत्नीनं सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या.

मी बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजनाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णानं काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे बघणं माझ्याकडे असतं. या रुग्णाबरोबर मी २६ महिने होते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गावाचं नाव घेत नाही, आणि त्यांचं नाव लिहायची तर गरजच नाही, कारण गावात त्यांना नावानं कुणी हाकच मारत नाही. आईसुद्धा "पैलवान उठला काय गे?" असंच सुनेला विचारते.

पैलवान

वय ४४. उंची पाच फूट नऊ इंच. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, वेंगुर्ला रस्त्यापासून आत. चंदगडची हद्द मोटारसायकलवर दहा मिनिटांची. भात, नाचणी, रताळी, थोडा बटाटा आणि दूध हा धंदा. तीन म्हशी. पत्नीचं माहेर हद्दीपलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

चौदाव्या वर्षी गावच्या तालमीत, सतराव्या वर्षी कोल्हापूरला. तिथं पाच वर्षं. खासबागेत एकदा खालच्या क्रमांकाची कुस्ती लढले, बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात बऱ्याचदा. बाविसाव्या वर्षी वजन ९२ किलो. सत्ताविसाव्या वर्षी डाव्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं आणि कुस्ती थांबली. जोर थांबले, बैठका थांबल्या, पहाटेचं पळणं थांबलं. खुराक मात्र थांबला नाही.

खुराकाचं गणित कागदावर मांडलं की डोळे उघडतात. म्हशीच्या दुधाच्या एका लिटरला हजारभर कॅलरी. शंभर ग्रॅम तुपाला नऊशे. शंभर ग्रॅम बदामाला सहाशेच्या आसपास. रोज दोन हजार बैठका मारणाऱ्या पोराला हे लागतं, पचतंही. दूध घालायला मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाला नाही. पण पैलवानांच्या बाबतीत मला दुसराच हिशेब जास्त बोलका वाटला. सतरा वर्षांत ५६ किलो वाढले, म्हणजे दिवसाला फक्त नऊ ग्रॅम. दीड-दोन चमचे तूप. एवढ्याशा जमाखर्चावर कुणाच्या घरात भांडण होणार?

डॉक्टरांकडे त्यांना आणलं ते वजनानं नव्हे, झोपेनं. जानेवारी २०२३ मध्ये दुधाचे कॅन लावून बेळगावकडे येताना हिंडलग्याच्या अलीकडे चालत्या गाडीवर डोळा लागला. गाडी चरीत गेली, दूध सगळं सांडलं, खांद्याला खरचटण्यावर निभावलं. तपासण्या झाल्या. सहा वर्षांचा मधुमेह होताच. दिवसाला साठ युनिट इन्सुलिन घेऊनही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ९.४. रक्तदाब. यकृतावर चरबी. झोपेच्या तपासणीत श्वास तासाला सरासरी ५२ वेळा अडत होता. तीसच्या वर गेलं की त्याला गंभीर म्हणतात. दोन वर्षं ते आडवे झोपतच नव्हते, सोप्यावर भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायचे. घरच्यांना वाटायचं, पैलवानाचं घोरणं असंच असणार.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४८. तो त्यांना अजिबात मान्य नव्हता. "त्ये आमच्यासाठी न्हाई ओ मॅडम. हे सगळं मटन हाय," म्हणत त्यांनी दंड दाखवला. त्यात अर्धं खरं आहे. बीएमआय वजन आणि उंची एवढंच बघतो, चरबी कुठली आणि स्नायू कुठला हे त्याला कळत नाही, आणि ऐन जोमातल्या मल्लालाही तो स्थूल ठरवू शकतो. म्हणून मी टेप काढली. कंबर १३८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० च्या वर गेली की धोका धरतात. टेपशी मात्र त्यांनी वाद घातला नाही. कुस्तीत मापं मोजून घ्यायची सवय असते.

कुठली शस्त्रक्रिया, कुणाच्या पैशानं

१९९१ पासून चालत आलेला निकष असा : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून सोबत मोठे आजार. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करावा असं सुचवलं, कारण आपल्याकडे कमी वजनावरच पोटात चरबी आणि मधुमेह धरतो. पैलवान जुन्या-नव्या दोन्ही निकषांत बसत होते, तेव्हा तिथं प्रश्न नव्हता.

सर्जननी बायपास सुचवला होता. जठराची छोटी पिशवी करायची आणि पुढचं आतडं मधला भाग टाळून तिला जोडायचं. जुन्या मधुमेहात त्याचा परिणाम चांगला. पण "आतडं कापून जोडणार" म्हटल्यावर आजी, म्हणजे पैलवानांच्या आई, उठून बाहेर गेल्या. पैलवानांनी स्लीव्ह निवडली. तिच्यात आतड्याला हात लागत नाही. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी बारीक नळी उरते, शंभर-दीडशे मिलीची. काढलेला भाग परत जोडता येत नाही. वरच्या ज्या फुगीर भागातून घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः येतं, तोही याच्यात जातो. धोकेही सांगितले : शिवणीतून गळती, शंभरात साधारण एकाला; रक्तस्राव; पायात गुठळी; पुढे आम्लपित्त वाढण्याची शक्यता. सर्जननी गळतीचं सांगितलं तेव्हा पैलवानांनी एवढंच विचारलं, "आणि काय केलो न्हाई तर?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर चरीत पडलेल्या दुधाच्या कॅनमध्ये होतं.

विम्यानं पैसे दिले नाहीत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत अशा शस्त्रक्रियेला वाव आहे, पण यांची पॉलिसी चौदा महिन्यांची आणि मधुमेह सहा वर्षांचा. आधीच्या आजारांची प्रतीक्षा-मुदत संपलेली नव्हती. साडेतीन लाख लागले. सोसायटीचं कर्ज काढलं आणि दोन म्हशी विकल्या. तिसरी पंढरपुरी, घरच्या रेडकाची झालेली, ती ठेवली.

शस्त्रक्रियेआधी मानसिक तयारीची तपासणी होते. गोड किती आवडतं, दारू घेता का, रात्री उठून खाता का, घरात आधार कोण, असे प्रश्न असतात. सगळ्याची उत्तरं चांगली आली. दारू नाही, तंबाखू नाही, गोड बेताचं, कुंदासुद्धा पाहुण्यांनी आणला तरच. जेवण विचारलं : दोन भाकरी, आमटी, भात, रविवारी मटण. मी वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मनात आलं होतं की एवढ्या जेवणावर १४८ किलो कसे झाले. मनात आलं आणि मी ते तिथंच सोडलं. याबद्दल पुढे लिहिते.

चौदा दिवस आणि पाच भोकं

यकृत चरबीनं सुजलेलं असलं की ते जठरावर पसरतं आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्याला जागाच देत नाही. म्हणून आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा आहार. पैलवानांना हे सोपं गेलं. वजन उतरवून गटात बसायची त्यांना जुनी सवय, शिवाय मुदत ठरलेली. सहा किलो उतरले. अडचण आली ती सीपॅपच्या यंत्राची. श्वास अडू नये म्हणून रात्री नाकावर मुखवटा लावून झोपायचं असतं. त्याचे पट्टे कानांवरून आणि कानांखालून जातात. पैलवानांचे दोन्ही कान तालमीत मोडलेले, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. पट्टा घासून तिसऱ्या दिवशी रक्त आलं. शेवटी वहिनींनी, म्हणजे पैलवानांच्या पत्नीनं, जुन्या लंगोटाचं कापड पट्ट्याला गुंडाळून शिवलं. मुखवट्याच्या कंपनीला हे सुचलं नसतं.

मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, आणि ते बरंच आहे. पाच छोटी भोकं, दीड तास. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे नंतर खांदा दुखतो. यांना वाटलं जुना खांदा उखळला. संध्याकाळी उठवून चालवलं. पायांत घट्ट मोजे, गुठळी होऊ नये म्हणून पोटावर सुई. तिसऱ्या दिवशी घरी, तेही जवळपास निम्म्या इन्सुलिनवर. वजन उतरायच्या आधीच साखर उतरायला लागते, ते दर वेळी बघताना मला नवलच वाटतं. गावात सांगितलं होतं : हर्नियाचं ऑपरेशन.

कागद

घरी जाताना रुग्णाला आहाराचा कागद देतात. पहिले दिवस पाण्यासारखं पातळ, मग दोन आठवडे दाट पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी घास. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी-नंतर नाही. तो छापील कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. पैलवान मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कन्नड बोलतात, बाजारापुरतं वाचतात. मुलगा गावच्या मराठी शाळेत. त्याला कन्नड विषय आहे, पण त्यातून वैद्यकीय शब्द लागायचे नाहीत. आणि ज्यांना रोज चूल पेटवायची, त्या वहिनी चंदगडच्या. त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नाही. सीमाभागात निम्म्या घरांत सून पलीकडची असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी स्वतःची काकू आजऱ्याची आहे.

मी तोंडी सगळं मराठीत सांगितलं आणि माझं काम झालं असं समजले. दर पंधरा मिनिटांनी तीस मिली प्यायचं. तीस मिली म्हणजे किती? वहिनींनी खोकल्याच्या औषधाचं टोपण काढलं आणि त्यावर वेळ निभावली. तासाला चार टोपणं, दीड लिटर व्हायला साडेबारा तास लागतात. त्यांनी भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. हुलग्याचं कळण गाळून, मूगडाळीचं पाणी, ताक, नाचणीची पातळ आंबील, मग हुलग्याचं सैल पिठलं, अंड्याचा पांढरा भाग कुस्करून. प्रथिनांच्या पावडरीचं पैलवानांना हसू आलं, "शेवटी डब्यावरच आणलासा." इतकं नीट चाललं होतं की मी निर्धास्त झाले.

मे महिन्यात, सातव्या आठवड्याच्या शेवटी, शेजारच्या गावात लक्ष्मी यात्रा भरली. आमच्याकडे ती दर वर्षी नसते. गावागणिक कितीतरी वर्षांनी येते आणि आली की नऊ दिवस घराघरात पाहुणे माळ्यावर झोपतात. पैलवानांना कुस्त्यांच्या मैदानात पंच म्हणून बोलावलं होतं. दुपारी पंगतीत त्यांच्या ताटात, मानाचा म्हणून, मटणातला नळीचा तुकडा आला. नाही म्हणायचं तर कारण सांगायला लागणार, आणि कारण तर हर्निया. त्यांनी तीन घास खाल्ले. चौथा छातीत अडकला. तोंडात फेसासारखी लाळ सुटली, ते माडीच्या मागे जाऊन ओकले आणि येऊन मैदानात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत सात कुस्त्या लावल्या.

त्यानंतर बारा दिवस उलट्या. काही खाल्लं की बाहेर, पुढे पाणीसुद्धा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही; वहिनींना कळलं ते चौथ्या दिवशी. मला कळवायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कागदाच्या मागच्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत ते होतं : चोवीस तासांवर उलट्या चालल्या तर ताबडतोब फोन. कन्नडमध्ये होतं, इंग्रजीत होतं. तोंडी सांगताना ती ओळ माझ्याकडून राहिली. राहिलीच असणार, कारण वहिनींना माझा शब्दन् शब्द आठवत होता आणि हा आठवत नव्हता.

नवव्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली. बरं वाटेल म्हणून लावली, आणि तीच नेमकी उलटी पडू शकत होती. शरीरात बी१, म्हणजे थायमिन, साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं आधीच थोडं आणि वर उलट्या, म्हणजे तो संपत आलेला. ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं. उरलंसुरलं त्यात खर्च झालं की मज्जातंतू आणि मेंदू यांची उपासमार होते. शस्त्रक्रिया झाली आहे हे दवाखान्यात सांगितलंच नव्हतं, हर्नियाच सांगितला होता; तेव्हा सगळा दोष त्या डॉक्टरांवर टाकणं बरोबर नाही. बाराव्या दिवशी वहिनींचा फोन आला : "पायाला मुंग्या येत्यात म्हंत्यात, आणि चालताना झोक जातोय. पैलवानाचा झोक जातोय ओ मॅडम." दुसरं वाक्य त्यांनी वेगळ्या आवाजात म्हटलं.

त्याच रात्री भरती केलं. ग्लुकोजच्या आधी शिरेतून थायमिन, मग बाकीचं. दुर्बीण घालून पाहिलं. गळती नव्हती, नळीला सूज होती. तीन दिवसांत पाणी टिकायला लागलं. झोक आठवडाभरात गेला. तळपायांच्या मुंग्या जायला चार महिने लागले. पैलवान म्हणतात, डाव्या अंगठ्याला अजून आहेत. मला त्या तपासणीत सापडत नाहीत.

त्या आठवड्यात मी बसून तो कागद हातानं मराठीत लिहिला. मिलीच्या जागी टोपण, वाटी, पेला. उलट्यांची ओळ सगळ्यात वर. आता तीच प्रत झेरॉक्स होऊन फिरते, अक्षर माझंच, गिचमिड.

उतरणं

यानंतर वजन उतरत गेलं. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले तेव्हा १०८, वर्षानं १०१. जास्तीच्या वजनातलं साधारण ६५ टक्के गेलं. स्लीव्हनंतर चांगलं म्हणतात त्यात हे बसतं. इन्सुलिन तिसऱ्या महिन्यात बंद. सहाव्या महिन्यात एचबीए१सी ६.१. चौथ्या महिन्यात केस गळाले, आठव्यात परत आले. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळ्या, बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व; गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांना बंदी. पैलवान आडवे झोपायला लागले. सोप्यावरची त्यांची भिंत, जिथं टेकून तेल लागून काळी झाली होती, ती वहिनींनी रंगवून घेतली.

"भूक म्हणजे कायच न्हाई बघा," ते सांगायचे. "ताट बघितलो की ते दुसऱ्याचं वाटतंय." हे घ्रेलिन गेल्यानं होतं, आणि पहिलं वर्षच काय ते सगळ्यात मोकळं असतं हे मी त्यांना सांगितलं होतं. पुढे भूक हळूहळू परत येते, सवयी त्याआधी लागायला हव्यात.

भूक गेली तसं आणखी काय काय गेलं, ते माझ्या वहीत कुठे नव्हतं. मान बारीक झाली. दंडाची कातडी लोंबायला लागली. बंडी घालून सोप्यावर बसायचं त्यांनी सोडलं. गावात कुजबुज होती : शुगर वाढली, टीबी झाला, आणि त्याहून वाईट. एक जुने वस्ताद बघायला आले आणि जाताना आजींच्या हातात बदामाची पुडी ठेवून गेले. आजींनी शस्त्रक्रिया मनातून कधीच मान्य केली नव्हती. त्यांच्या लेखी पोराला कुणीतरी खाल्लं होतं.

एप्रिल २०२४, पुन्हा जत्रांचे दिवस. मैदानात पंच म्हणून उतरले तर परगावचा एक पोरगा त्यांना म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा की, दिसंना झालंय." पैलवानांनी हे मला त्या वेळी सांगितलं नाही. पाच महिन्यांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच गोष्टीच्या ओघात.

दूध कुठं जेवण असतंय

सप्टेंबर २०२४ मध्ये, अठराव्या महिन्यात, वजन १०८. सहा महिन्यांत सात किलो वाढलेले, एचबीए१सी ६.८. नळी ताणली गेली असेल, अशी पहिली शंका असते. तपासणीत नळी जशीच्या तशी. मी आहाराची वही मागितली. पैलवानांनी रोज लिहिली होती, कुस्तीगीर शिस्तीचे असतात. सकाळी दोन अंडी. दुपारी अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, हुलगे. रात्री तेवढंच. बेरीज हजाराच्या आत. मी वही पुढे-मागे चाळली आणि, कबूल करते, मनात आलं की हे खोटं लिहितात. आवाजातही आलं असावं. "ह्यात नसलेलं काही खाता का?"

"न्हाई."

वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

मग मी, कसं कोण जाणे, विचारलं, "खुराक काय चाललाय?"

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत त्यांच्या विषयातलं कुणीतरी काहीतरी पहिल्यांदा विचारत होतं. पहाटे थंडाई. पन्नासभर ग्रॅम बदाम कुंडीत घोटून, खडीसाखर, म्हशीचं अर्धा लिटर दूध. एकदम नाही, दोन टप्प्यांत पिलं की जातं, अडकत नाही. एप्रिलपासून. संध्याकाळी धार काढताना अर्धा लिटर, तसंच, कासेखालचं. सगळं मिळून चौदाशे कॅलरी होतात. बारीक नळीतून पातळ पदार्थ झपाट्यानं खाली जातो. पोट भरल्याची जाणीव द्यायला तो तिथं थांबतच नाही. तीन घास भाकरीला अडणारं जठर लिटरभर दूध बिनतक्रार सोडत होतं.

"मग लिहिलं का नाही?"

"तुम्ही जेवण विचारल्यासा. जेवण लिवलो. दूध कुठं जेवण असतंय? त्यो खुराक."

त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. तालमीत वाढलेल्या माणसाला जेवण आणि खुराक ही दोन खाती वेगळी असतात. जेवण पोटासाठी, सगळ्यांचं. खुराक अंगासाठी, त्याचा पैसा वेगळा, वेळ वेगळी, भांडी वेगळी. गरीब घरात घरचे कोरडी भाकरी खाऊन पोराचा खुराक भागवतात. १४८ किलोंच्या वेळीही मी जेवणच विचारलं होतं, म्हणून दोन भाकरी आणि आमटी ऐकून गप्प बसले. सर्जन, फिजिशियन, मानसतज्ज्ञ, मी, आम्ही चौघांनी त्यांना खाण्याबद्दल मिळून निदान शंभर प्रश्न विचारले असतील. शब्द चुकला होता. मी कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जन्मले, माझ्या आजोळी तालीम होती, आणि तरीही.

एप्रिलच का, हे त्यानंतर निघालं. "काका म्हणाला ओ त्यो पोरगा," पैलवान म्हणाले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. "मला वाटलं, मान तर जरा भरू दे."

सध्या

मी दूध बंद करा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वहीतून आणखी एक ओळ गेली असती, एवढंच. वहीत दोन रकाने केले : जेवण, खुराक. खुराकात साय काढलेलं दूध एक पेला, अंडी, पनीर, आणि मेहनत. मेहनतीशिवाय खुराक नाही, हे तालमीचंच शास्त्र आहे, ते मी त्यांना शिकवायची गरज नव्हती. गुडघा सांभाळून भिंतीला टेकून बैठका, रबरी पट्टा, दोन किलोची गदा. मान भरायला स्नायू लागतो, चरबीनं भरलेली मान रात्री श्वास अडवते. हे कारण त्यांना पटलं, बाकीचं सगळं त्यामानानं वरवरचं. कातडीची शस्त्रक्रिया वेगळी असते, तिला त्यांनी पैशाअभावी नाही म्हटलं आहे.

मे २०२५ मध्ये, सव्विसाव्या महिन्यात, वजन १०३. एचबीए१सी ६.३, एका साध्या गोळीवर. झोपेत श्वास तासाला नऊ वेळा अडतो, यंत्र बंद झालं. काही महिने बंडी घालून बसतात, काही महिने नाही. गावाला हर्नियाच माहीत आहे. आजींनी मात्र शेजारणीला खरं सांगितलं असावं असा वहिनींना संशय आहे, कारण परवा दोघीजणी पत्ता विचारत माझ्याकडे आल्या होत्या.

मुलगा पंधरा वर्षांचा झाला, तालमीत जातो. त्याचा खुराक घरात पुन्हा सुरू झाला आहे आणि बदाम घोटायचं काम पैलवान कुणाला देत नाहीत. पहाटे चारला उठून स्वतः घोटतात, पेला भरून पोराच्या हातात देतात. घोटून झालं की कुंडीला बदामाचं चिकटून राहतं. ती पाण्यानं खळबळून ते पाणी प्यायचं, अशी तालमीतली रीत. आता ते पाणी म्हशीच्या आंबोणात ओततात. बहुतेक दिवस. गेल्या महिन्याच्या वहीत खुराकाच्या रकान्यात दोन ठिकाणी त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे : कुंडीचं पाणी, अर्धा पेला.